अण्णा, थर्मामीटर अजून आमच्याकडेच आहे

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर वाचत नाही, नातू वाचून दाखवेल. म्हणून जरा मोठ्यानंच लिहिते.

मे महिन्यात आमचे सहापैकी तीन डिस्कस मासे गेले. नानांनी भर दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून फिशटँकचं पाणी बदललं होतं. तासाभरात मासे काळवंडले, वर येऊन धापा टाकायला लागले. घरात ज्याला त्याला नानांना बोलून घ्यायचं होतं. मीही बोलले. त्यानंतर नाना टँककडे पाठ करून बसायचे.

मासे जिथून घेतले तिथं फोन केला, तर निळ्या औषधाची बाटली माथी मारली. दुसऱ्यानं सरळ सांगितलं, 'मॅडम, सोलापुरात डिस्कस जगतच नाही, गोल्डफिश पाळा.' पैसे घेताना मात्र सोलापूर चाललं होतं! पाणी कुठून घेतलं, किती गरम होतं, हे एकानंही विचारलं नाही.

तुमची आमची ओळखही नव्हती. दूधवाल्याकडून कळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही सायकल हाणत आलात, तेही त्या उन्हात. चहा नको म्हणालात. खिशातल्या रुमालात गुंडाळलेलं थर्मामीटर काढलंत आणि माझ्याकडे न देता नानांच्या हातात दिलंत. 'दादा, मला चष्म्याशिवाय दिसंना, तुम्हीच वाचा की.'

चष्मा तुमच्या कपाळावर होता, अण्णा. मला दिसला.

नाना उठले. चार दिवसांनी पहिल्यांदा टँकजवळ गेले. टँकमध्ये २९. गच्चीच्या नळाखाली ४१. हौदात २८. नाना आकडे मोठ्यानं वाचत होते आणि तुम्ही मान डोलवत होता, जणू हिशेब तेच तपासतायत. मग म्हणालात, 'रंगखात्यात जन्म गेला माझा. पाणी किती तापलंय ते बघितल्याशिवाय सूत सोडत नव्हतो आम्ही. सूत बिघडतं, मग मासा बिघडणार नाही काय? तुमच्या हातानं नाही गेले ते, उन्हानं गेले.'

बाकी तुम्ही शिकवलंत ते आता पाठ आहे. गरम पाण्यात मुळात हवा कमी विरघळते, वर एकदम बारा अंशांचा फरक. टँक आणि बादलीत एखाद्या अंशापेक्षा जास्त तफावत नको. आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत उलटं, तेव्हा हौदाचं गार पाणी वैरी, बादलीत ऊन पाणी मिसळूनच ओतायचं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात साठवणीशिवाय गत्यंतर नाही, मग साठवलेलं पाणी ओळखायला तरी नको का शिकायला?

पण मला आठवतो तो कपाळावरचा चष्मा. चूक झालेल्या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत मान परत देणं शिकलेल्यांना जमत नाही हो. आमच्या घरात आम्ही तीन पदवीधर आहोत.

उरलेले तिघे छान आहेत. नाना बादली भरून ठेवतात, टॉवेल खांद्यावर, आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात. रविवारी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन तुमच्याकडे येतोय. थर्मामीटरही आणलं असतं, पण नाना म्हणतात, अण्णांना नवं घेऊन देऊ, हे माझ्याकडेच राहू दे.

तुमची,
नानांची थोरली