कुत्र्याच्या पंजाची सही आणि चार दिवसांची स्टेशनं

ती. बाबा आणि आई,

सा. न. नुसते फोटो पाठवते आणि खाली एक ओळ लिहीत नाही म्हणून बाबा चिडलेत असं आई फोनवर म्हणाली, म्हणून आज बसून नीट लिहितेय. चार दिवस सुट्टी मिळाली तर सगळे म्हणाले लंडनला जा, आणि मी गेले उत्तर इंग्लंडातली जुनी रेल्वे स्टेशनं बघायला. ऑफिसात हसले सगळे. हसू देत. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी, मी दुसरं काय बघणार?

सुरुवात यॉर्कपासून केली. बाबा, आधी छप्पर सांगते. 1877 चं स्टेशन, लोखंड आणि काचेचं छप्पर 800 फूट लांब, आणि रूळच वळणावर असल्यामुळे अख्खं छप्परही वळलेलं, म्हणजे फलाटाच्या एका टोकाला उभं राहिलं की खांब एकामागे एक वळत जातात आणि शेवट काही दिसत नाही. आधीचं स्टेशन शहराच्या तटबंदीच्या आत होतं, लंडनहून न्यूकॅसलला जाणारी गाडी आत शिरली की परत उलटी बाहेर काढायला लागायची, रोजची कटकट, म्हणून हे तटाबाहेर बांधलं. शेजारीच रेल्वे म्युझियम आहे, तिथे मॅलर्ड नावाचं निळं वाफेचं इंजिन बघितलं, 3 जुलै 1938 ला ताशी 126 मैल पळालेलं, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. पण खरं सांगू, मी जास्त वेळ थांबले ती एका भिंतीपाशी. स्टेशनातच एका भिंतीवर जुन्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा अख्खा नकाशा आहे, कागदावर नाही हं, टाइल्सवर, पांढऱ्या चकचकीत, आणि त्यावर सगळ्या लाइनी झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरलेल्या. मी बोटाने स्कार्बरोवरून किनाऱ्याकिनाऱ्याने वर व्हिटबीपर्यंत गेले आणि ठरवलं की उद्या असंच जायचं.

तर तसं जाताच येत नाही! ती लाइन 1965 लाच बंद झाली. 1963 मध्ये डॉ. बीचिंग म्हणून रेल्वेचे मोठे साहेब होते, त्यांनी रिपोर्ट दिला की रेल्वे तोट्यात आहे, 5000 मैल लाइन आणि दोन हजारांवर स्टेशनं बंद करा, आणि त्यातली बरीचशी खरंच बंद केली. टाइलवर अजून आहे, जमिनीवर नाही. आता तिथे सायकलवाले जातात. मी आपली मुकाट्याने बसने गेले.

स्कार्बरोला फलाटावर एक बाक आहे, 139 मीटर लांब, एकच बाक! 1883 मध्ये समुद्रावर येणाऱ्या सुट्टीवाल्यांच्या गर्दीसाठी केलेला. आई, तुझी अख्खी भिशी, त्यांच्या सुना-नातवंडांसकट, बसून वर जागा उरेल. मी बसले तेव्हा माझ्याशिवाय फक्त एक आजोबा आणि तीन सीगल होते, त्यातल्या एकाने माझं सँडविच पळवलं.

व्हिटबीहून आतल्या बाजूने मिडल्सबरोला जाणारी छोटी लाइन मात्र टिकलीय, दोन डब्यांची गाडी, नदीवरून इकडून तिकडे करत जाते. सुटल्यावर पहिलंच स्टेशन लिहितात रसवार्प, पण तिथले लोक रसप म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणारे. न्यूकॅसलचं थोडक्यात सांगते, 1850 चं स्टेशन, तेही वळणदार छपराचं, आणि जवळ रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनचा दोन मजली पूल, वर गाड्या आणि खाली रस्ता, 1849 चा. तिथून कार्लाइलला जाताना वायलम लागतं, रॉबर्टचे वडील, रेल्वेचे जनक म्हणतात ते जॉर्ज स्टीफन्सन तिथले, स्टेशन 1835 चं आणि अजून चालू. मला उतरायचं होतं पण डोळा लागला. बाबा, ओरडू नका.

आता खरी गंमत. कार्लाइलहून खाली सेटलला डोंगरातून जी लाइन जाते, 1876 ची, ती 1980 नंतर बंदच करणार होते. कारण रिबलहेडचा पूल, 24 कमानी, 104 फूट उंच, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणे. बांधताना शंभरावर मजूर मेले होते त्या पुलावर, अपघाताने नि देवीच्या साथीने. लोकांनी हरकती घेतल्या, हजारोंनी, आणि त्यात एक हरकत होती कुत्र्याची! ग्रॅहम नटॉल म्हणून लाइन वाचवणाऱ्यांतले एक, त्यांच्या कुत्र्याचं नाव रसप. तो तिकीट काढून प्रवास करायचा, म्हणजे रीतसर पॅसेंजर, म्हणून त्याच्या पंजाचा ठसा सही म्हणून धरला. 11 एप्रिल 1989 ला सरकारने लाइन चालू ठेवायचं जाहीर केलं. पुढच्याच जानेवारीत नटॉल वेल्समध्ये डोंगरात फिरायला गेले ते परत आलेच नाहीत. एप्रिलमध्ये सापडले, आणि रसप 11 आठवडे, ऐन थंडीत, त्यांच्याजवळच बसून होता. नंतर फार जगला नाही तोही. गार्सडेल स्टेशनच्या फलाटावर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. मी खास त्यासाठी उतरले. पाऊस पडून गेलेला, त्याच्या पाठीवर पाणी साचलेलं, मी रुमालाने पुसलं आणि मग उगाच इकडेतिकडे बघितलं कुणी बघतंय का.

पुढचं स्टेशन डेंट. समुद्रसपाटीपासून 1150 फूट, इंग्लंडातल्या मेन लाइनवरचं सगळ्यात उंच. वर डोंगराच्या कडेने रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचं कुंपण आहे, बर्फ रुळावर येऊ नये म्हणून. डेंट गाव मात्र स्टेशनपासून 4 मैलांवर, खाली दरीत. स्टेशन इतक्या लांब का बांधलं विचारलं की म्हणे उत्तर ठरलेलं, रुळाजवळ हवं ना स्टेशन! मी उत्साहात उतारावरून निघाले, अर्ध्यात लक्षात आलं की हा चढ परत चढायचाय, वळले तर इतका उभा चढ की दर पन्नास पावलांनी थांबतेय, आणि वर पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा लांब जाताना दिसला. पुढची दोन तासांनी. जुन्या बिल्डिंगमध्ये आता सुट्टीत राहायला लोक येतात, ती बंद होती, म्हणून शेडमध्ये बसले, मेंढ्या ओरडतायत, धुकं खालून वर येतंय, थर्मासमध्ये घोटभर चहा. बाबा, तुमची नाइट ड्यूटी आठवली, कंदील पुसताना आधी फुंकर मारून काच धूसर करायचात ते.

गाडी आली, बोगदा संपला आणि लगेच रिबलहेड. गाडीतून पूल दिसत नाही हो, आपण त्याच्यावरच असतो! खिडकीला नाक लावून बसले होते, खाली नुसती कुरणं आणि आपल्याच गाडीची लांब सावली.

आई, गुडघा बरा आहे. बाबा, टाइलच्या नकाशाचा फोटो मोठा प्रिंट काढून पोस्टाने पाठवतेय, चष्मा लावून व्हिटबीच्या शेजारी रसप सापडतंय का बघा, तेव्हा ते नाव मला माहीतच नव्हतं म्हणून मी शोधलं नाही. सापडलं की फोन करा, रात्र असली तरी चालेल.

तुमची,
धाकटी