मिल पूर्ण सांगा

संपादक साहेब,
उदारमतवादावर, म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य मोठं मानणाऱ्या विचारावर, लिहिणारे लॉक, मिल अशा इंग्रज विचारवंतांची नावं घेतात आणि पुढं पळतात, पण जॉन स्टुअर्ट मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन ऑफिसात नोकरीला होता हे कुणी सांगतच नाही. १८५९ ला त्याचं 'ऑन लिबर्टी' हे पुस्तक आलं आणि त्यातच मागासलेल्या समाजांना हे व्यक्तिस्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही असंही लिहिलंय, म्हणजे आपल्याला बाहेरच ठेवलं की! तरी आगरकरांनी मिल मनापासून वाचला आणि १८८८ पासून 'सुधारक'मधून बालविवाह, केशवपनावर तुटून पडले, मला हे फार मोठं वाटतं. बायकांना मताचा हक्क द्या म्हणून १८६७ ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये दुरुस्ती मांडणाराही मिलच, ती फेटाळली गेली. कॉलेजात या दोन्ही बाजू शिकवा ना.
- एक वाचक, सांगली