अग्निवीर परततील, तेव्हा वरणगाव-भंडाऱ्याच्या दारूगोळा कारखान्यांत भरती सुरू असावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संरक्षण खर्चाचा विषय निघाला की चर्चा राफेल आणि तेजसभोवतीच फिरते. नाहीतर ‘पेन्शनवर एवढा पैसा कशाला?’ हा प्रश्न येतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते आणि त्यातले सुमारे 1.60 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे, हे खरे आहे. पण ती रक्कम 34 लाखांहून अधिक निवृत्तांच्या घरी जाते आणि वरणगाव, भुसावळसारख्या गावांतच खर्च होते. पोरांची फी, घराचा हप्ता, किराणा त्यातूनच भागतो. मी स्वतः त्या पेन्शनवर जगतो आणि तिला ओझे म्हटलेले मला सहन होत नाही.

याच अर्थसंकल्पात देशांतर्गत खरेदीसाठी 1.11 लाख कोटी राखून ठेवले होते. देशातल्या 41 आयुध निर्माणींपैकी (शस्त्रे-दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांपैकी) 10 महाराष्ट्रात आहेत : खडकीच्या दोन, देहूरोड, अंबरनाथच्या दोन, अंबाझरी, भंडारा, चांदा, भुसावळ आणि आमची वरणगाव. फायरिंग संपल्यावर रेंजवर वाकून गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या आणि जमा करायच्या, हे प्रत्येक जवानाला ठाऊक आहे. त्या पितळी बुडावर बारीक अक्षरांत ‘ओएफव्ही’ आणि वर्षाचे आकडे उमटलेले असतात. ओएफव्ही म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. घरापासून दोन हजार किलोमीटरवर ती अक्षरे पाहून छाती भरून यायची.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि सात कंपन्या आल्या. दारूगोळ्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालय पुण्यात आहे आणि ‘यंत्र इंडिया’चे नागपुरात. कामही येत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पिनाका रॉकेटांसाठी 10,147 कोटींचे करार झाले, त्यात म्युनिशन्स इंडिया आहे आणि नागपूरची खासगी कंपनीही आहे. आनंदच आहे. पण हे काम करणार कोण आणि कोणत्या अटींवर?

आज दारूगोळा भरण्याच्या कामासाठी ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’च्या ज्या जाहिराती निघतात, त्या कंत्राटी असतात. आयटीआयनंतर निर्माणीतच एओसीपीची (रासायनिक संयंत्रावरच्या कामगाराच्या ट्रेडची) शिकाऊ उमेदवारी केलेल्या मुलाला एक वर्षाची नेमणूक मिळते, वाढली तर जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत. डेंजर बिल्डिंग म्हणजे जिथे काडेपेटी, मोबाइल बाहेर ठेवून आत जायचे आणि एका चुकीला दुसरी संधी नसते अशी जागा. 24 जानेवारी 2025 रोजी भंडारा निर्माणीतल्या स्फोटात आठ कामगार गेले. अशा जागी हात बसायला वर्षे लागतात. चार वर्षांनी त्या हाताला घरी पाठवणे मला अजिबात पटत नाही.

आता अग्निवीरांचे, म्हणजे चार वर्षांसाठीच सैन्यात घेतलेल्या जवानांचे, पाहा. पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतील. चारांपैकी एकालाच लष्करात कायम होण्याची संधी आहे. बाकीचे साधारण 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन परततील, पेन्शन नाही. जून 2022 मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या नागरी पदांत आणि संरक्षण क्षेत्रातल्या 16 सरकारी कंपन्यांत अग्निवीरांना 10 टक्के आरक्षण जाहीर केले होते. पण कायम भरतीच निघाली नाही तर ते 10 टक्के कशाचे धरायचे? शिस्त अंगात मुरलेला, शस्त्र हाताळलेला, पंचविशीच्या आतबाहेरचा जवान दारूगोळ्याच्या कारखान्याला आणखी कुठे मिळणार आहे?

माझी मागणी सरळ आहे. लष्कराने म्युनिशन्स इंडिया आणि यंत्र इंडियाला किमान पाच वर्षांच्या मागणीची लेखी हमी द्यावी. त्या हमीच्या जोरावर भुसावळच्या एमआयडीसीतला छोटा वर्कशॉपवालाही बँकेकडून कर्ज काढून मशीन घेऊ शकेल. डेंजर बिल्डिंगमधली पदे कायम करावीत. सध्या तिथे कंत्राटावर असलेल्या मुलांना त्यात पहिला हक्क असावा आणि उरलेल्या जागांत अग्निवीरांचे आरक्षण खरोखर भरावे. रावेर, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि मावळच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून हा प्रश्न संसदेत एकत्र लावून धरावा आणि भरतीची जाहिरात पहिली तुकडी गावी परतण्याआधी निघेल असे पाहावे.

आपला,
एक माजी सैनिक, वरणगाव (जि. जळगाव)