तेरा डॉलर पगाराचा शिपाई

कॉर्क, आयर्लंड

तीर्थरूप आबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. थंडी सुरू झाली आहे, चार वाजता दिवे लावावे लागतात. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, तो साताऱ्याहून आणून देईल.

शनिवारी-रविवारी मी कशात एवढी गुंतलेली असते, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते अर्धवट राहतं, म्हणून लिहून कळवते.

शेजारच्या आजींबद्दल मागे बोलले होते. त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ १८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात मारला गेला. घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं: पैशासाठी परक्यांच्या लढाईत गेला आणि मेला. त्याचा फोटो नाही, गावच्या दफनभूमीत दगड नाही. आजींना ते वाक्य लहानपणापासून खुपतंय. मरायच्या आधी त्याचा माग लागावा, एवढीच त्यांची इच्छा. मी त्यांच्यासोबत कागद शोधत बसते.

बटाट्याच्या पिकावर रोग पडून १८४५ पासून इथे जो दुष्काळ पडला, त्यात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८६० च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये जन्मलेले १६ लाखांवर लोक अमेरिकेत होते. पुढच्याच वर्षी तिथे उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या फौजेत दीड लाखाच्या आसपास आयरिश गेले. दक्षिणेकडूनही हजारो लढले. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता, आणि तोही वेळेवर मिळत नसे.

असा माणूस शोधणं किती जिकिरीचं, ते बसल्यावर कळतं. पलटणीच्या वहीत उंची, डोळ्यांचा रंग, धंदा 'मजूर' असं सगळं असतं आणि जन्मठिकाण म्हणून नुसतं 'आयर्लंड'. इथे टाउनलँड म्हणतात त्या, आपल्या वाड्या-वस्त्यांएवढ्या जागाच साठ हजारांवर आहेत. त्यात आपल्यासारखंच आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. एका गावात, एका आडनावाचे, एकाच वयाचे पाच पॅट्रिक सापडतात आणि पाचही चुलतभाऊ! इकडच्या बाजूने शोधावं, तर १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये सरकारी दप्तरखान्याला आग लागली, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्या तेवढ्या वाचल्या. नॅशनल लायब्ररीने त्यांची चित्रं २०१५ पासून फुकट खुली केली आहेत. अक्षर लागता लागत नाही आणि नावं लॅटिनमध्ये.

आजींचा माणूस ८८ व्या न्यूयॉर्क पलटणीत होता. ही 'आयरिश ब्रिगेड'मधली पलटण. ब्रिगेडचा सेनापती टॉमस फ्रान्सिस मार, वॉटरफर्डचा. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून त्याला टास्मानियात काळ्या पाण्यावर धाडलं होतं, तिथून तो अमेरिकेला निसटला. १३ डिसेंबर १८६२ ला व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गला ही ब्रिगेड उघड्या चढावरून एका दगडी भिंतीकडे चालून गेली. हिरवे झेंडे फाटून गेले होते म्हणून प्रत्येकाने टोपीत हिरवी डहाळी खोचली होती. सुमारे १,२०० जण चालून गेले, त्यातले ५४५ मेले, जखमी झाले किंवा हरवले. भिंतीआडून गोळ्या झाडणाऱ्यांत दक्षिणेच्या फौजेतली जॉर्जियाची २४ वी पलटण होती आणि तिच्यातही आयरिश होते. आबा, मला हे वाचून फार वेळ दुसरं काही सुचलं नाही. एकाच दुष्काळाने घराबाहेर काढलेली पोरं, आणि भिंतीच्या दोन बाजूंना उभी.

त्याची कबर सापडणार नाही, हे आता आम्हाला माहीत आहे. तिथल्या सरकारी दफनभूमीत १५ हजारांवर सैनिक आहेत, पैकी १२ हजारांवर बेनाव. गळ्यात नावाचा बिल्ला घालायची पद्धत तेव्हा नव्हती. पण तो सापडला, आणि सापडला तो आईच्या पेन्शनच्या कागदांत.

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने मेलेल्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर पेन्शन लागू झाली. बायको-मुलं नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला. पण आईने पुरावे द्यायचे: हा माझाच मुलगा, याचं लग्न झालं नव्हतं, हाच मला पोसत होता. जन्मनोंदणी तेव्हा आयर्लंडात नव्हतीच, ती १८६४ ला सुरू झाली. म्हणून पाद्री वहीतून उतारा काढून सही करायचा, शेजारी शपथेवर जबान्या द्यायचे. आणि मुलगा पोसत होता याचा पुरावा काय? त्याची पत्रं. आयांनी ती पत्रं अर्जाला जोडली आणि ती परत कधी मिळाली नाहीत. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये असे लाखो अर्ज आहेत. घरी राहिली असती तर ती पत्रं चुलीत नाहीतर वाळवीच्या तोंडी गेली असती.

त्याच्या आईने सहीच्या जागी फुली मारली आहे. काठीने जमिनीवर ओढावी तशी ती फुली, एक रेघ लांब, एक आखूड. जबानीत शेजारी सांगतो की नवरा दुष्काळात गेला, जमीन अर्धा एकरसुद्धा नाही, मुलाचे पैसे आले की ही खंड भरायची. खाली मुलाचं पत्र. पगार चार महिने थकला होता, आता आला आहे, वीस डॉलर पाठवतोय, आधी खंड भर आणि उरतील त्यातून धाकट्याला बूट घे, असं त्यात आहे. तो धाकटा म्हणजे आजींचे पणजोबा. आजींनी ती ओळ मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

पैशासाठी गेला, हे खरंच आहे. पण ते पैसे कुठे गेले, हे त्या घरात कुणी पुढच्या पिढीला सांगितलं नाही.

आता तुमच्याकडे काम आहे. आपल्या घरातही एक असाच माणूस आहे ना? तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, जे पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला', म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि आले नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्हीसुद्धा "पोटासाठी गोऱ्यांच्या फौजेत गेले" यापुढे कधी बोलला नाहीत. मला ते आता पुरत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे घातले. नावं युद्धातल्या मृतांच्या कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदवहीत आहेत, पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा यांसकट.

त्यांचं पूर्ण नाव काय, वडिलांचं कागदोपत्री नाव काय, आणि पलटण कुठली ते कळवा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिकडच्याच कुत गावाच्या वेढ्यात होत्या, त्या २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या हाती पडल्या. ते त्यांतले की दुसऱ्या पलटणीतले, हे कळलं तर शोध सोपा होईल. आपली आजी म्हणायची की धाकट्या पणजीला पोस्टातून पेन्शन यायची. म्हणजे पेन्शनबुक असणार, किंवा निदान पदक. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बघा, नाहीतर गावी भाऊकाकांकडे विचारा. कागद सापडला तर दोन्ही बाजूंचे फोटो दादाला पाठवायला सांगा, आणि कृपा करून तो लॅमिनेट करू नका. गावचं नाव तेव्हा कसं लिहायचे तेही विचारून ठेवा, इंग्रज कारकुनांनी काय ऐकलं असेल त्याचा अंदाज बांधावा लागेल.

आईला नमस्कार. उत्तर लवकर द्या.

तुमची लेक