सुन्यास, त्या कंटेनरबद्दल

प्रिय सुन्या,

सात महिने झाले, फोन नाही की मेसेज नाही. दिवाळीला जे दिव्याचं चित्र आलं ते पण मी पाठवलेलं नव्हतं, हिनं माझ्या मोबाइलवरून सगळ्या गावाला एकदम ढकललं. तर शिव्या घालून झाल्या की पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर काठावर आहे, बाकी इंग्लंडात राहणाऱ्या माणसाचं व्हिटॅमिन डी कमी असतं तेवढं माझंही आहे.

बातमी अशी की मी प्रोफेसर झालो. तू म्हणशील मग इतके दिवस काय होतास? इथं आधी लेक्चरर, मग सीनियर लेक्चरर, अशी शिडी असते, आणि आपल्याकडे पहिल्याच दिवशी शिपाई सुद्धा जे म्हणतो ते इथं म्हणून घ्यायला मला सोळा वर्षं लागली. आईला सांगितलं तर म्हणाली, "अरे मग लग्नात आम्ही मुलगा प्रोफेसर आहे म्हणून सांगितलं ते खोटंच होतं की." गोट्याला सांगू नकोस, पार्टी मागेल.

पेढे राहू देत, आधी भानगड ऐक. ही दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

इथं दर सहा-सात वर्षांनी सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या रिसर्चची सरकारी तपासणी होते, त्यावर पैसे ठरतात. २०१४ पासून त्यात 'इम्पॅक्ट' नावाचं प्रकरण घुसलंय. म्हणजे नुसता पेपर छापून भागत नाही, त्यानं बाहेरच्या जगात कुणाचं भलं झालं ते पुराव्यानिशी दाखवायचं. आमच्या हेड बाई म्हणाल्या, तुझा तो भारतातल्या द्राक्षांचा पेपर आहे ना, तोच घेऊ, फक्त तिथल्या एखाद्या शेतकऱ्याचं छोटंसं पत्र आण. आणि मी काय बोलून गेलो माहितीये? "नो प्रॉब्लेम, माझा शाळेतला मित्रच आहे."

सुन्या, तो पेपर म्हणजे तुमचा कंटेनर आहे रे.

मी तुला हे कधी नीट सांगितलंच नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी (क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखायचं औषध) सापडलं, मर्यादा किलोला ०.०५ मिलीग्रॅम, आणि तुझ्या अण्णांनी तर ते आदल्या वर्षी खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला मारलेलं, सगळेच मारायचे, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. न्हावाशेव्यातून गेलेला माल रॉटरडॅमला अडकला. तुझा फोन आला तेव्हा मी नुकता नोकरीला लागलेलो, आणि तू सांगत होतास आणि मी, खरं सांगतो, मनात म्हणत होतो की अरे हा तर विषय आहे! कर नाही, कोटा नाही, नुसता नियम बदलला की व्यापाराचं काय होतं, एवढी स्वच्छ केस मिळत नाही रे. "काळजी करू नको, होईल सगळं" म्हणून मी फोन ठेवला आणि वहीत तारीख लिहून ठेवली.

आता पुढचं ऐक, हे गणित आहे पण तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं (बारावीचे दोन मार्क, अजून उगाळतोस). आमच्या धंद्यात, म्हणजे अर्थशास्त्रात, टिनबर्गनचं १९६२ सालचं एक समीकरण आहे, ग्रह जसे एकमेकांना ओढतात तसे देश, मोठे असले तर व्यापार जास्त, लांब असले तर कमी. सगळे जण दोन्हीकडचा लॉग घेतात आणि सरळ रेषा बसवतात. मी ते एक्स्पोर्टरच्या पातळीवर केलं. पण शून्याचा लॉग नसतो. ज्यानं २०११ ला एकही पेटी पाठवली नाही त्याची ओळच कॉम्प्युटर गाळून टाकतो. म्हणजे अण्णा आणि तुमची ती भागीदारी, जी त्या वर्षी बंद पडली, ती माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्हतीच. नुकसान 'मध्यम' आलं होतं. असणारच, मेलेले मोजलेच नव्हते.

मग रेफरीनं, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्यानं, विचारलं, शून्यांचं काय केलंत? २००६ मध्ये सांतोस सिल्वा आणि तेनरेयरो या दोघांनी दाखवून दिलंय की शून्य गाळली की उत्तर चुकतं, त्यांची वेगळी पद्धत आहे. ती वापरली, तुम्हाला परत आत घेतलं, आणि आकडा एकदम मोठा झाला. पेपर लागला. पुढचं प्रमोशन, ही खुर्ची, सगळं त्याच्यावर. म्हणजे तुम्ही बंद पडलात म्हणून माझा निकाल चांगला आला, असं सरळ म्हण ना.

आणि भलं कुणाचं झालं? कुणाचंच नाही. नंतर तपासण्या वाढल्या, लोक शिकले, ते तुम्ही लोकांनी स्वतः केलं, माझा पेपर तोवर रेफरीच्या टेबलावर पडून होता. तूच म्हणाला होतास, तुमचं शास्त्र बारशाला येत नाही, तेराव्याला बरोबर येतं. तेव्हा मला राग आला होता. कांदा निर्यातबंदीवर २०२३ च्या डिसेंबरात मी लेख लिहिला तेव्हा "छान आहे, भाव किती वाढेल?" असा तुझा रिप्लाय आला, त्याचा पण आला होता. तो अजून आहे, तो वेगळा.

आपण होस्टेलवर अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षितांचं नाव कसं घ्यायचो आठवतं? मुंबईचा मराठी माणूस, १९७७ चा तो स्टिग्लिट्झबरोबरचा पेपर, त्यावर क्रुगमननं व्यापाराची नवी थिअरी उभी केली, आपण पण तसलं काहीतरी करणार. आणि तू म्हणायचास तो जुना अर्थशास्त्री रिकार्डो पण शेवटी द्राक्षवालाच, पोर्तुगालची वाइन ८० माणसांत आणि कापड ९० माणसांत, म्हणून त्यांनी कापड सोडून वाइनच करावी. मी ते टेबल दर वर्षी फळ्यावर लिहितो. कापडवाला वाइनमध्ये कसा जातो हे एकाही पोरानं अजून विचारलं नाही, आणि मीही सांगत नाही.

तर परवा रात्री बसून तुझं पत्र मीच लिहिलं. इंग्रजीत, तुझ्या नावानं. 'मी नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार असून या संशोधनामुळे आम्हाला...' पुढे सुचेना. सही करशील हे माहिती होतं, न वाचता केली असतीस, तेच वाईट आहे. डिलीट केलं. हेड बाईंना अजून सांगितलेलं नाही, सोमवारी मीटिंग आहे, काहीतरी सांगेन.

पोरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला ते वहिनींच्या स्टेटसवर पाहिलं, अभिनंदन, मला सांगायचं की रे. वहिनींचा गुडघा कसा आहे? यंदा अवकाळीनं बागेला धक्का लागला नाही ना?

एप्रिलमध्ये येतोय, छाटणीच्या सुमारास, दोन दिवस तुझ्याकडेच. एक विचारायचंय, फोनवर विचारवत नाही म्हणून लिहितो. त्या कंटेनरची किंमत माझ्याकडे कस्टम्सच्या कागदावर डॉलरमध्ये आहे, पेपरात पण ती आहे. पण त्यातले अण्णांच्या हातात शेवटी किती आले, ते मी कधी विचारलंच नाही. किती आले रे?

तुझा,
मंद्या