बीजीपीच्या चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे सेवा बंद पडल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या इंजिनिअरने लेयर-थ्री स्विचवर (राउटरचेही काम करणाऱ्या स्विचवर) बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) चुकीचे लावल्याने आमची इंटरनेट सेवा साडेसहा तास बंद राहिल्याबाबत.

महोदय,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ब्रॉडबँड सेवा देतो. आपला स्विच मार्चमध्ये घेतला आणि तो बसवून कॉन्फिगर करून देण्याचे पैसेही वेगळे भरले. घेण्याआधी मी आपल्या विक्री प्रतिनिधींना दोनदा विचारले होते, की पुढे दुसरा अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणारी वरची कंपनी) घेतला तर हाच स्विच चालेल ना? ‘बीजीपी सपोर्ट आहे, निर्धास्त राहा,’ असे ते म्हणाले. हार्डवेअरच्या टेबलमध्ये राउट, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांकडे जाण्याचे मार्ग, किती मावतात, याबद्दल ते काही बोलले नाहीत. तो आकडा १६ हजार आहे, हे मला परवा आपल्या डेटाशीटच्या शेवटच्या पानावर सापडले.

गेल्या गुरुवारी दुसरा अपस्ट्रीम जोडायचा होता. काम रात्री बारानंतर करा, असे मी ईमेलवर कळवले होते. आपल्या इंजिनिअरने ते दुपारी तीनला दूरवरूनच उरकले. नव्या अपस्ट्रीमकडून फक्त डीफॉल्ट राउट (‘बाकी सगळे इकडे पाठवा’ असा एकच मार्ग) मागायचा सोडून संपूर्ण इंटरनेटच्या राउटचे टेबल घेतले. आज इंटरनेटच्या आयपीव्ही-फोर टेबलमध्येच नऊ लाखांहून जास्त राउट आहेत. त्यातच बाहेर जाणाऱ्या राउटवर एकही फिल्टर नव्हता. म्हणजे दुसऱ्या अपस्ट्रीमकडून आलेले राउट आमचा स्विच पहिल्याला ऐकवू लागला. पहिल्याने आमच्यासाठी मॅक्स-प्रिफिक्सची, म्हणजे जास्तीत जास्त किती राउट स्वीकारायचे याची, मर्यादा लावून ठेवली होती. ती ओलांडताच त्यांच्याकडून सेशन (दोघांमधला बीजीपीचा दुवा) बंद झाले. त्यांनी तसे केले नसते तर परक्यांची वाहतूक आमच्या एवढ्याशा लाइनवरून वाहू लागली असती. त्या मर्यादेबद्दल मी त्यांचे आभार मानले.

मग सगळा भार दुसऱ्या लाइनवर आला आणि तिथे टेबल भरून गेलेले. मी कन्सोल केबल लावून रॅकपुढे बसलो, तेव्हा सीपीयू ९९ टक्क्यांवर होता. कीपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ असा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) वेळेवर जाईना. १८० सेकंदांनी होल्ड टायमर (असा संदेश न आल्यास सेशन तोडणारे घड्याळ) संपायचा, सेशन पडायचे, पुन्हा उभे राहायचे, टेबल पुन्हा भरायचे. लॉगमध्ये ‘होल्ड टाइम एक्स्पायर्ड’ ही एकच ओळ दर काही मिनिटांनी उमटत होती.

त्या दिवशी गावातली मुले अकरावीचे प्रवेश अर्ज भरत होती. एक बाई मुलीची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन माझ्या ऑफिसच्या पायरीवर सात वाजेपर्यंत बसून होत्या. नेट कधी येईल, हे त्यांनी मला चार वेळा विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आपल्या हेल्पलाइनकडेही ते नव्हते. तिथून तीनदा ‘स्विच रीस्टार्ट करा’ एवढेच सांगण्यात आले. रात्री साडेनऊला मी दुसऱ्या अपस्ट्रीमला फोन करून फक्त डीफॉल्ट राउट पाठवायला लावला, बाहेर फक्त आमचा ५१२ पत्त्यांचा ब्लॉक जाईल अशी प्रिफिक्स-लिस्ट लावली आणि पहिल्याला सेशन पुन्हा सुरू करायला सांगितले. दहा मिनिटांत सेवा पूर्ववत झाली.

दुसऱ्या दिवशी आपण ‘अपस्ट्रीमकडील बिघाड’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. मला सर्वांत जास्त लागले ते हे. इंटरनेटचे टेबल मोठे आहे, ही काही कालची बातमी नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ते ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेले, तेव्हा जुन्या राउटरची अशीच दाणादाण उडाली होती. धोरण ठरवून दिले नसेल तर बाहेरच्या नेटवर्कशी राउट घेऊही नयेत आणि देऊही नयेत, हे २०१७ च्या आरएफसी ८२१२ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात लिहिले आहे. आपला स्विच मूळ स्थितीत ते पाळत नाही आणि आपल्या इंजिनिअरने ती उणीव हाताने भरून काढली नाही.

तरी माझी मागणी अशी : बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून खरे कारण लेखी नोंदवावे. कॉन्फिगरेशनपोटी घेतलेली रक्कम परत करावी. दोन्ही अपस्ट्रीमसाठी येणारे-जाणारे फिल्टर आणि मॅक्स-प्रिफिक्स अनुभवी इंजिनिअरकडून, रात्री आणि माझ्यासमोर लावून द्यावेत. राउटची क्षमता कोटेशनमध्येच छापावी, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला ती खरेदीआधी दिसेल.

सर्व लॉग आणि ईमेल सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक