तव्यावरचं मागा, पातेल्यातलं विचारून घ्या

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या आठवड्यात पोळ्यांच्या मावशी सुट्टीवर आहेत आणि मीही नसेन. म्हणजे दोन-चार वेळा तरी तुमचं खाणं खालच्या हॉटेलांत होणार. घंटाळीपासून गोखले रोडपर्यंत उडप्यांची हॉटेलं भरपूर आहेत. पण मिरजेतल्यासारखं गल्ल्यावर ओळखीचं माणूस नसतं, आणि नुसतं "यांना मीठ कमी हं" म्हणून भागत नाही. कुठल्या पदार्थाला ते सांगायचं हे ठरवून जायला हवं, म्हणून हे पत्र फ्रिजवर लावून ठेवते आहे.

उडप्याच्या स्वयंपाकघरात एक तवा असतो आणि बाकी सगळी पातेली. सांबार, रस्सम, चटणी, डोशातली बटाट्याची भाजी, उपमा, पंजाबी भाज्यांची लाल ग्रेव्ही हे आधीच तयार असतं. त्यात मीठ, तेल पडून गेलेलं असतं. तिथे "मीठ कमी" म्हटलं तर वेटर मान हलवेल आणि आहे तेच आणून ठेवेल, त्यात त्याचा दोष नाही. तव्यावरचं मात्र तुमच्यासमोर होतं. "साधा डोसा, बटर नको, तेल कमी" हे खरोखर पाळता येतं. पिठात मीठ असतंच, पण बाबांच्या बीपीला डोशापेक्षा सांबाराच्या दोन वाट्या, पापड आणि लोणचं जास्त नडतं. बाबा, इथल्या सांबारात बऱ्याचदा गूळही असतो, त्यामुळे एका वाटीवर थांबा. "आणखी सांबार?" असं विचारत वेटर फिरतो तेव्हा हात आडवा धरायचा.

उत्तप्पा मागवलात तर "नीट भाजून द्या" असं आधीच सांगा. गर्दीच्या वेळी तवा फार तापलेला असतो. खालची बाजू पटकन तांबूस होते आणि जाड पीठ मधे ओलंच राहतं. काट्याने मधोमध उचकून बघा, चिकट लागलं तर परत पाठवा, त्यात संकोच नको. आईच्या कवळीला पेपर डोशाच्या कडा टोचतात, त्यापेक्षा सेट डोसा मऊ. म्हैसूर मसाल्याला आत लाल चटणी फासून वर लोणी घालतात, तो दोघांनीही टाळलेला बरा. मसाला डोसा हवाच असेल तर भाजी बाजूला वाटीत मागा, म्हणजे किती खायची ते आपल्या हातात राहतं.

वेळेचंही तसंच. इडली सकाळी आठ-नऊला खावी. दुपारनंतर ती गरम डब्यात बसून कडेने सुकलेली असते. खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत फसफसायला लागते. तो आंबटपणा दह्याचा नसतो, वासावरून कळतो, आणि अशी चटणी बाजूला सारायची. राइस प्लेट साधारण साडेअकरा-बारापासून तीनपर्यंत. त्यानंतर बहुतेक ठिकाणी सातपर्यंत फक्त नाश्त्याचे पदार्थ, म्हणून चारला भात मागून वाद घालू नका. तुम्हा दोघांना एक साधी थाळी आणि वर एक डोसा पुरेल. मात्र अनलिमिटेड थाळीत दोघांनी एका ताटात खायला देत नाहीत, भिंतीवर तशी पाटी असते.

बाबा, जेवणाआधीची साखरेची गोळी घरून निघताना घेऊ नका. रविवारी टेबल मिळायलाच अर्धा तास जातो, आणि पोटात काही नसताना गोळी काम करू लागली की घाम सुटून हातपाय थरथरतात. ताट समोर आलं की घ्या.

गर्दीत तुमच्या टेबलावर अनोळखी माणसं आणून बसवतील. इथे ती रीतच आहे, राग मानू नका. एसीचा भाग पुष्कळदा माळ्यावर असतो आणि जिना अरुंद, उभा. आईच्या गुडघ्यांसाठी खालीच, पण हात धुण्याच्या बेसिनपासून आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांब बसा. पाण्याला "बाटली की साधं?" असं विचारतील. साधं म्हटलं की फुकट मिळतं.

एसीत टॅक्स जास्त लागतो ही समजूत जुनी झाली. नोव्हेंबर 2017 पासून अशा हॉटेलांत एसी असो-नसो, जीएसटी 5 टक्केच. एसीत महाग पडतं ते मेन्यूतले दर वेगळे असतात म्हणून. बिलात तो दोन तुकड्यांत दिसेल: 380 रुपयांचं खाणं झालं तर सीजीएसटी 9.50, एसजीएसटी 9.50, एकूण 399. काही लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. त्यांच्या बिलावर तसं छापलेलं असतं आणि टॅक्सची ओळ नसते. "सर्व्हिस चार्ज" ही ओळ दिसली तर तो टॅक्स नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. शांतपणे "हा काढा" म्हणा. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. वेटरला टीप द्यायची ती हातात, आपल्या खुशीने.

मिसळीबद्दल बाबा विचारणारच. स्टेशनजवळच्या मामलेदारच्या मिसळीचं नाव तिकडेही ऐकलं असेल. सोबत पाव येतो, आपल्यासारखा स्लाइस ब्रेड नाही. मिसळ हाही पातेल्यातलाच प्रकार. रश्शातलं तिखट नंतर कमी होत नाही, म्हणून आधीच "कमी तिखट" सांगा आणि तर्री वरून घेऊ नका. कमी तिखटही चांगलंच लागतं. मिरजकर म्हणून शौर्य दाखवायची ही जागा नव्हे!

डोसा पार्सल आणू नका. बंद पुडक्यात वाफ कोंडते आणि घरी येईपर्यंत त्याचं चामडं होतं. इडली, मेदूवडा चालेल, सांबार-चटणी वेगळी बांधून. सांबार पातळ पिशवीत उकळतं ओततात, त्यापेक्षा आपला स्टीलचा डबा न्या. ओट्याखालच्या दुसऱ्या खणात घट्ट झाकणाचे दोन आहेत. चटणी त्याच जेवणात संपवा, रात्रीसाठी ठेवू नका.

तुमची,
ताई

ता. क. सुटे पैसे टीव्हीखालच्या डबीत आहेत. बाबांच्या फोनवर यूपीआय चालू आहे, पण तळमजल्यावरच्या हॉटेलांत आत रेंज जाते, तेव्हा पैसे गल्ल्यापाशी येऊनच द्या.